जादा रेडिओ

"लहानपणी काय काय खोललंस?" हा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखती घेतानाचा माझा आवडता प्रश्न. उमेदवार तोवर लिंक्ड लिस्ट उलटी करून आणि डेटाबेसचे इंडेक्स समजावून दमलेला असतो. पाणी पितो, खुर्चीत जरा सैलावतो आणि हसून सांगायला लागतो. कुणी गजराचं घड्याळ खोललेलं असतं, कुणी व्हीसीआर, कुणी वाढदिवसाला मिळालेली रिमोटची गाडी, तीही त्याच संध्याकाळी. मला उत्तरापेक्षा सांगणाऱ्याचे हात बघायला आवडतात. ज्याने खरंच खोललंय त्याची बोटं बोलता बोलता हवेत स्क्रू फिरवतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाणेरच्या ऑफिसात एक मुलगी आली होती. जत तालुक्यातलं गाव, शिक्षण सांगलीला. कोड नेटका लिहिला होता, आणि आम्ही मुद्दाम ठेवलेली खोच तिने आम्ही विचारायच्या आधीच दाखवली होती. तिला हा प्रश्न विचारला तर ती हसली नाही. म्हणाली, "सर, आमच्याकडं खोलायला जादा असं काही नव्हतं." सुरात तक्रार नव्हती, रेशनकार्डावर किती नावं आहेत ते सांगावं तसं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "बोअरची मोटर वर काढताना पाइप धरायला मी असायचे. स्टार्टरचं पण मीच बघायचे. पण ते काय खोलणं नव्हे, पाणी पाहिजे म्हणून." माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने फॉर्मवर 'स्वतःहून केलेले प्रकल्प' या रकान्यात आडवी रेघ ओढली.

तिला आम्ही घेतलं. प्रश्न तो नव्हताच.

माझं स्वतःचं त्या प्रश्नाचं उत्तर पाठ आहे. कितीतरी पार्ट्यांत, निरोपसमारंभांत आणि नव्या टीमशी ओळख करून देताना मी ते सांगितलंय: मी मिरजेचा, वडील रेल्वेत, लहानपणापासून खटपट्या, दहाव्या वर्षी घरातला मर्फीचा रेडिओ खोलला आणि तिथून इथवर. गोष्ट चांगली जमते. ऐकणाऱ्याला वाटतं, या पोरात उपजतच काहीतरी असणार. पण त्या गोष्टीतलं एक वाक्य मी नेहमी गाळतो, आणि ते गाळतोय हे त्या मुलीने बोलेपर्यंत माझ्याही लक्षात नव्हतं. मर्फी माझ्या हातात आला कारण त्या दिवाळीत काकांनी अण्णांना, म्हणजे वडिलांना, नवा ट्रान्झिस्टर दिला होता. बातम्या, कृषिवार्ता आणि विविध भारती नव्या रेडिओवर गेली आणि जुनं धूड क्वार्टरच्या मागच्या खोलीत, पिंपाशेजारी जाऊन बसलं. घरात रेडिओ एकच असता तर त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला हात लावल्यावर माझ्या पाठीत काय बसलं असतं ते मला माहीत आहे.

तो पुठ्ठा काढला तेव्हाचा वास अजून सांगता येतो. धूळ, तापलेलं मेण, आणि एक जरासा गोडसर जळका वास. व्हॉल्व्हचे रेडिओ लगेच बोलत नसत. बटण फिरवलं की आत काचेच्या नळ्यांत तारा हळूहळू लालसर, मग नारिंगी व्हायच्या आणि मग खोल कुठून तरी माणूस बोलत बोलत जवळ यायचा. मी त्या नळ्यांकडे अंधारात बघत बसायचो. आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर थोडा वेळ ते धरून ठेवतो, हे मला कंडेन्सरनेच शिकवलं. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. अण्णांनी बघितलं, रागावले नाहीत, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन कंडेन्सरची दोन टोकं जोडली, ठिणगी उडाली, आणि म्हणाले, "आधी असं कर. आणि एक हात खिशात ठेवत जा." दोन्ही हात आत असले तर विजेचा रस्ता छातीतून जातो. पुढे सांगलीला वालचंदमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकताना प्रयोगशाळेच्या भिंतीवर सुरक्षेचे भलेमोठे तक्ते होते, पण खिशातल्या हातासारखं काही मला त्यात सापडलं नाही.

अण्णा सिग्नल खात्यात होते. मिरज म्हणजे तेव्हा सगळ्या मापांचं जंक्शन: पुण्याकडची रुंद लाइन, बेळगावकडची मीटर गेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली नॅरो गेज. अण्णांचं काम यांतल्या रिले म्हणजे विजेने उघडमीट होणारे स्विच, बॅटऱ्या आणि केबली यांच्याशी. रिले रूमला दोन कुलपं असतात, एक किल्ली स्टेशन मास्तरकडे आणि एक सिग्नलवाल्याकडे, म्हणजे कुणा एकाला आत जाऊन उद्योग करता येऊ नयेत. मला ती खोली बाहेरूनच माहीत. गाडीची वेळ झाली की आतून कट् कट् कट् असा आवाज यायचा. अण्णांनी एकदा समजावलं होतं की सिग्नलचा रिले अशा बेताने बनवतात की करंट गेला तर त्याचा पट्टा स्वतःच्या वजनाने खाली पडतो, आणि पडला की दिवा लाल. तार तुटो, बॅटरी उतरो, कुणी झोपो, उत्तर लालच. "बिघाड होणारच," ते म्हणायचे, "तो कुठल्या बाजूला पडेल एवढंच आपल्या हातात." मी आज पैशांची देवघेव करणाऱ्या प्रणालीत काम करतो. दोन सर्व्हरमधला संपर्क तुटला तर व्यवहार पुढे रेटायचा की थांबवायचा, यावर आमच्याकडे तास तास वाद होतात. मी बहुतेक वेळा लाल दिव्याच्या बाजूने असतो आणि त्यामुळे प्रॉडक्टवाल्यांचा माझ्यावर राग असतो.

केबलमधला बिघाड शोधायची त्यांची पद्धतही मी उचलली, फक्त कुठून उचलली ते बरीच वर्षं कळलं नाही. रुळांच्या कडेने लोखंडी लोकेशन बॉक्स असतात. सिग्नल मेला की नवखा माणूस स्टेशनपासून पहिला, दुसरा, तिसरा बॉक्स उघडत जातो. अण्णा सरळ मधल्या बॉक्सला जायचे. तिथपर्यंत व्होल्टेज नीट आलं असेल तर अलीकडचा अर्धा भाग डोक्यातून बाद. मग उरलेल्याचा मध्य. भर उन्हात पायी चालणाऱ्या माणसाने पाय वाचवायला काढलेली ही युक्ती. आमच्याकडे हजार बदलांपैकी नेमक्या कुठल्या बदलाने प्रोग्राम बिघडला हे शोधायचं असलं तर गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत, बायसेक्ट नावाची सोय आहे. ती हेच करते, हजाराचा निकाल दहाएक तपासण्यांत लागतो. मी फोनवर मोठ्या उत्साहाने त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग? दुसरं काय करणार?" त्याच फोनवर मी हार्वर्डच्या पतंगाची गोष्टही सांगितली होती: १९४७ साली बिघाड शोधताना मार्क टू या संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो वहीत चिकटवून ठेवला. यावर उत्तर आलं, "आमच्याकडं पाली असायच्या. वहीत कुठं चिकटवणार."

खटपटीला मिरजेइतकं चांगलं गाव मला तरी माहीत नाही, आणि ते रेल्वेमुळे नव्हे. शाळेतून येताना मी सतारमेकर गल्लीतून यायचो. दारादारांत भोपळे उलटे वाळत टाकलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, माणसाला कवेत मावणार नाहीत असे. तुणीच्या लाकडाचा भुसा, लाख, सरस यांचा वास, आणि आतून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. जवारी काढायचं काम चाललेलं असायचं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीने केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार कोरडी वाजत असते, घासता घासता एका क्षणी तिच्यातून तिचेच वेगवेगळे सूर फुटायला लागतात. आणि एक कानस जास्त मारली की गेलं. मोजपट्टी नाही, खूण नाही. थांबायचं कुठे हे कानाने ठरवायचं. मी दप्तर पाठीवर घेऊन उभा राहायचो आणि कुणी हाकलायचं नाही.

या गल्लीची जन्मकथा मिरजेत सगळ्यांना ठाऊक आहे. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, ढाली-तलवारींची देखभाल करणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं. पटवर्धनांच्या संस्थानात गवयी येत, त्यांची वाद्यं बिघडत, आणि दुरुस्तीला जवळपास कुणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांकडे असं काम आलं. दुरुस्त करता करता वाद्य आतून कळलं, आणि कळल्यावर नवीन घडवलं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांबद्दलही मिरजेत सांगतात की ते स्वतः हत्यारं घेऊन वाद्यांच्या दुरुस्तीला बसायचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसते फेटे आणि फुलं चालली होती. मला मात्र या कथेतली वेगळीच बाजू हल्ली दिसते. फरीदसाहेबांनी वाद्य कुतूहलापोटी खोललं नव्हतं. हातातला धंदा गेला होता, आणि समोर आलेली वस्तू दुसऱ्याची, महागाची होती. पाणी पाहिजे म्हणून मोटर काढणाऱ्या त्या मुलीच्या ते जास्त जवळचे, माझ्या नव्हे.

माझी खटपट ही दुपारची खटपट होती. पोटभर जेवून झाल्यावरची. एका बिस्किटांच्या डब्यात माझा संसार असायचा: मर्फीतून काढलेल्या कॉइल, ओए ७९ डायोड, एका कानाचा हेडफोन, राळेचा खडा, गुंडाळून ठेवलेलं कथील, आणि मामाने पाठवलेली जुनी सायकल अंगणात पडून होती तिच्या फ्रीव्हीलमधले छर्रे. फ्रीव्हील उलटं फिरवलं की टकटक कशाने होते ते मला बघायचं होतं. ओए ७९ आणि जुन्या रेडिओचा स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर वापरून मी एक क्रिस्टल रेडिओ केला. त्याला सेल लागत नाही, वीज लागत नाही. गच्चीवर लांब तार टाकायची, दुसरी तार नळाला गुंडाळायची, आणि आकाशवाणी सांगली हेडफोनमध्ये कुजबुजायला लागते. स्टेशनच्या लहरीतच तेवढी ताकद असते. त्या कुजबुजीचं मला जे वाटलं ते नंतर फार थोड्या गोष्टींचं वाटलं. आईला ऐकवलं तर तिने हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून, "हां, कुणीतरी बोलतंय" म्हटलं आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकली.

त्या मशीनचं सांगायला हवं. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. टाका सुटायला लागला की ती मशीन आडवं पाडायची, शटल काढायची, त्यात अडकलेला दोऱ्याचा चुरा सुईने उकरायची, तेल द्यायची, टेन्शनची चकती पाव आटा फिरवून कापडाच्या चिंधीवर टीप मारून बघायची, पुन्हा पाव आटा. जवारीवाले जे करत तेच. कातडी पट्टा सैल झाला तर त्याला स्वतः छेद पाडून आखडायची. तिच्याकडचा बारका स्क्रूड्रायव्हर घरातला सर्वांत चांगला होता आणि मी तो घेतला की ओरडा बसायचा, कारण संध्याकाळपर्यंत ब्लाउज द्यायचे असायचे. आमच्या घरात खटपट्या कोण, असं कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं. आईनेसुद्धा.

आणि ताईने. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी वरची. मी डाग देत बसलो की ती मागे उभी राहून बघायची. एकदा तिने सोल्डरिंगची कांडी हातात घेतली तर आजी म्हणाली, "ठेव ती. भाजशील, डाग राहील हातावर." ताई तेव्हा रोज दोन्ही वेळच्या भाकरी करायची, तव्यावरून निखाऱ्यावर बोटांनी उलटायची. मनगटाशी तिला भाजल्याच्या खुणा होत्याच. त्या कुणी मोजल्या नव्हत्या.

शाळेत संगणक आला तो बीबीसी मायक्रो. सरकारी योजनेतून देशभरच्या काही शाळांना मिळाले त्यातला. त्याच्यासाठी खोलीला पडदे लागले, एसी लागला, चपला बाहेर काढायचा नियम आला, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. एका यंत्रापुढे चौघे-पाचजण, पाळीपाळीने. पण त्या किल्लीच्या आत गेलं की एक विलक्षण गोष्ट होती. काही चुकीचं टाइप केलं की पडद्यावर 'मिस्टेक' एवढंच यायचं. आवाज नाही, वास नाही, मुंग्या नाहीत. कीबोर्डवर चक्क 'ब्रेक' नावाचं बटण होतं. ते दाबलं की सगळं पुसल्यासारखं व्हायचं, आणि मग 'ओल्ड' असं टाइप केलं की लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा परत. मर्फीचा एक व्हॉल्व्ह गेला तर त्यासाठी पुण्याला तापकीर गल्लीत खेटे घालावे लागायचे. इथे कितीही मोडा, कुणाचं काही जात नव्हतं. माझा रेडिओचा नाद सुटला तो बहुधा तिथे. लोक म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये पैसा होता म्हणून सगळे तिकडे वळले. १९८६ साली मिरजेतल्या नववीतल्या पोराला पैशाचं काय माहीत असणार. मोडायची भीती गेली, एवढंच.

पुढे सगळं नेहमीसारखं. कॉलेज, टर्बो सी, मासिकासोबत आलेल्या सीडीवरचं लिनक्स, ते घालताना पुसलं गेलेलं विंडोज, पुणे, मग दोन वर्षं परदेश आणि परत पुणे.

आज माझ्या कामाचा अर्धा भाग म्हणजे दुसऱ्यांना मोडायला जागा करून देणं. नवा मुलगा आला की त्याला आधी वेगळा सर्व्हर देतो, खोटा डेटा देतो, आणि सांगतो की इथे काहीही कर. खऱ्या प्रणालीवर काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत चढवायची सोय ठेवतो. यावर कंपनीचा महिन्याचा बराच खर्च होतो आणि दर वर्षी बजेटच्या वेळी कुणीतरी विचारतं की हे जादा सर्व्हर कशाला. मी जोरात भांडतो. भांडताना डोळ्यासमोर पिंपाशेजारचा मर्फी असतो असं म्हणालो तर ते खोटं होईल, पण त्या मुलीच्या उत्तरानंतर एकदोनदा तो आला खरा. आणि एक वेगळाच विचार येतो. तिने ज्या यंत्रावर हात शिकवले त्याला 'ओल्ड' नव्हतं. शेतीला थ्री फेज लाइट रात्रीची, ती आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून लावलेला ऑटो स्विच, एक फेज गेला की गुरगुरणारी मोटर, ती जळायच्या आत अंधारात धावत जाऊन स्टार्टर पाडायचा. नाही पाडला तर रिवाइंडिंगचा खर्च आणि उभं पीक. तिथे चूक करून शिकायची मुभाच नाही. आमच्या टीममध्ये ती येऊन आता काही महिने झालेत. कुठलाही बदल सोडण्यापूर्वी हा उलटा कसा फिरवायचा हे ती आधी लिहून ठेवते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, तो वेगळा सर्व्हर दिला तरी त्यावर नुसतं मजा म्हणून काही करून बघायला ती अजून धजत नाही. हे चांगलं की वाईट यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

मुलाखतीतला प्रश्न मी सोडलेला नाही, पण आता त्याच्यामागे आणखी एक जोडतो: घरात काही बंद पडलं तर कोण बघायचं? याची उत्तरं पहिल्यापेक्षा लांब येतात. एकाने आजीचं नाव सांगितलं, पिठाच्या गिरणीवाली. एका मुलाला खूप विचार करूनही काही आठवेना. त्याच्याकडे बंद पडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दिसायचीच नाही. फोन चिकटवलेले, इअरबड न उघडणारे, अशा काळात वाढलेल्या पोरांकडून मी तरी काय अपेक्षा ठेवावी. सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. माझ्या मुलाने त्याच्या टॅबचं मॉडेल टाकून उत्साहाने शोधलं, आणि मग आम्ही हेअर ड्रायरने काच तापवून तो उघडला. आतली बॅटरी बदलली. जुना टॅब होता, नवा आधीच घेतलेला होता. हेही आता लक्षात येतं.

परवा ताईशी फोनवर बोलत होतो. ती इचलकरंजीला असते, बँकेतून निवृत्त झाली. हे सगळं डोक्यात होतंच, म्हणून विचारलं, "तुला तेव्हा आजीनं ती कांडी खाली ठेवायला लावली, वाईट वाटलं होतं का गं?" तिला आधी कुठली कांडी ते आठवेना. आठवलं तशी हसायला लागली. म्हणाली, "मला काय करायचा होता तुझा रेडिओ? ती सायकल मामानं माझ्यासाठी पाठवली होती, शिकवणीला जायला. तिचे छर्रे अजून असतील बघ तुझ्या डब्यात."